बी.एस्सी. गणितानंतर कुठे? ठाणे-डोंबिवलीच्या विद्यार्थ्यांसाठी

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५चा, डहाणूचा. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. माध्यमिक शिक्षण त्यांनी ठाण्यात घेतलं. फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं, १९२९ साली मुंबई विद्यापीठाची पदवी मिळाली आणि १९३० ते १९६२ या काळात ते देवळालीला शाळेत शिकवत राहिले. पदव्युत्तर शिक्षण त्यांच्या वाट्याला आलं नाही. तरीही १९४९ साली त्यांनी शोधलेली ६१७४ ही संख्या आज जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते.

चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. डोंबिवलीच्या पिनकोडची सुरुवात ४२१२ आहे, तीच घेऊ. ४२२१ वजा १२२४ म्हणजे २९९७. पुढे ९९७२ वजा २७९९ म्हणजे ७१७३. मग ६३५४, मग ३०८७, मग ८३५२ आणि शेवटी ६१७४. त्यापुढे कितीही वेळा करा, ६१७४च येत राहते. कुठल्याही संख्येला इथे पोचायला सातपेक्षा जास्त पायऱ्या लागत नाहीत.

आता विद्यार्थ्याने विचारायचा प्रश्न: हे नेहमीच घडतं, हे आपल्याला कसं कळलं? अशा संख्या ९९९० आहेत, सुरुवातीला शून्य असलेल्याही धरून. सगळ्या तपासायच्या का? उतरत्या क्रमाने लावलेले अंक क, ख, ग, घ मानले, तर वजाबाकीचं उत्तर ९९९ गुणिले (क − घ) अधिक ९० गुणिले (ख − ग) इतकं येतं. म्हणजे चार अंक कोणते यापेक्षा फक्त दोन फरक महत्त्वाचे ठरतात. पहिला फरक १ ते ९मधला आणि दुसरा शून्यापासून पहिल्या फरकापर्यंतचा. अशा जोड्या होतात फक्त ५४. एका दुपारी वहीत तपासून संपतात.

ही मांडणी शाळेच्या बीजगणितात बसते. पण ९९९० उदाहरणं ५४वर का येतात हे ओळखणं, ते नीट लिहून सिद्ध करणं आणि लगेच ‘पाच अंकांचं काय?’ असं विचारणं, ही सवय वेगळी आहे. (पाच अंकांना असा एकच स्थिरांक नाही, त्या संख्या तीन वेगवेगळ्या चक्रांपैकी एकात फिरत राहतात.) ही सवय पक्की करणं हेच गणितातल्या एम.एस्सी.चं खरं काम आहे.

कापरेकरांकडे ही सवय उपजत होती. नव्हता तो सहवास: पुरावे तपासणारा मार्गदर्शक, रोज वाद घालणारे सोबती, हाताशी असलेलं ग्रंथालय. त्यांच्या कामाकडे बऱ्याच काळापर्यंत फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिल्यावर त्यांचं नाव सर्वदूर गेलं. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत आज टीवायबीएस्सीला बसलेल्या मुलामुलींना हा सहवास निवडता येतो. म्हणूनच संस्था निवडताना तिचं नाव आणि घरापासूनचं अंतर यांच्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: तिथे मला रोज गणित करायला कोण लावणार आणि ते माझ्यासोबत कोण करणार?

आधी हेतू ठरवा

गणितात एम.एस्सी. करू पाहणारे साधारण तीन वाटांवर असतात. काहींना संशोधन करायचं असतं. काहींना महाविद्यालयात शिकवायचं असतं, त्यांना एम.एस्सी.बरोबर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, तर गणिताची नेट सीएसआयआर-यूजीसीतर्फे होते. तिसऱ्या गटाला विमा, बँकिंग, डेटा सायन्स, संगणकशास्त्र अशा क्षेत्रांत जायचं असतं.

तिन्ही वाटा सन्मानाच्या आहेत, पण त्यांच्यासाठी योग्य जागा एकच नसते. संशोधनाची ओढ असलेल्याला शुद्ध गणिताचा भक्कम पाया आणि सक्रिय संशोधक लागतात. शिकवू पाहणाऱ्याला विषयाची रुंदी आणि मांडणीचा सराव लागतो. उद्योगात जाणाऱ्याने संभाव्यता, संख्याशास्त्र, न्यूमरिकल अनॅलिसिस आणि प्रोग्रामिंग चांगलं शिकवणारा विभाग पाहावा. माटुंग्याच्या आयसीटीतली इंजिनीअरिंग मॅथेमॅटिक्सची एम.एस्सी. किंवा भारतीय सांख्यिकी संस्थेतले संख्याशास्त्राचे अभ्यासक्रम त्याला जवळचे वाटतील. हेतू अजून ठरला नसेल, तर शुद्ध गणिताचा पाया पक्का करणारा अभ्यासक्रम घ्यावा. त्यातून पुढे उपयोजनाकडे वळणं तुलनेने सोपं जातं, उलट दिशेने येणं अवघड.

लोकलच्या टप्प्यात

मध्य रेल्वेवर राहणाऱ्या विद्यार्थ्याचं भाग्य असं की देशातल्या गणिताच्या सर्वोत्तम जागांपैकी काही लोकलच्या टप्प्यात आहेत.

कलिन्याच्या विद्यानगरीत मुंबई विद्यापीठाचा गणित विभाग आहे. डोंबिवलीहून फास्ट गाडीने कुर्ला आणि तिथून बस किंवा रिक्षा, असा हा प्रवास. शिवाय विद्यापीठाशी संलग्न काही महाविद्यालयांतही गणिताची एम.एस्सी. चालते. ज्यांना नोकरी सोडता येत नाही, त्यांच्यासाठी विद्यापीठाच्या दूरस्थ शिक्षणाचा मार्ग आहे, त्यातून एम.एस्सी. करून पुढे सेट-नेट देता येते. अट एवढीच, की दूरस्थ अभ्यासात सहवास आपण स्वतः उभा करायचा: आठवड्यातून एकदा चार जणांनी एका ठिकाणी बसून प्रमेयं एकमेकांना फळ्यावर समजावून द्यायची.

पवईची आयआयटी ठाण्याहून स्लो गाडीने कांजूरमार्गला उतरलं की जवळच आहे. तिथल्या दोन वर्षांच्या एम.एस्सी.ला जॅम या परीक्षेतून प्रवेश मिळतो. आणि घर कितीही जवळ असलं तरी वसतिगृहातच राहावं, हा माझा आग्रह आहे. गणिताचं अर्धं शिक्षण जेवणानंतर, मेसच्या टेबलावर आणि रात्री बाराच्या चर्चेत होतं. रोज संध्याकाळी गाडी पकडायला निघणारा विद्यार्थी त्या अर्ध्याला मुकतो.

तिसरी जागा कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर. सीएसएमटीला उतरून बसने नेव्हीनगर गाठायचं. होमी भाभांनी १९४५ साली स्थापलेल्या या संस्थेचं गणित विद्यालय जगात मानाने ओळखलं जातं. दामोदर धर्मानंद कोसंबी इथे होते. एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री १९५३ साली इथे विद्यार्थी म्हणून आले आणि त्या दोघांच्या नावाचं १९६५चं प्रमेय आज बीजगणितीय भूमितीचा पायाभूत भाग आहे. टीआयएफआर वेगळी एम.एस्सी. चालवत नाही असं समजून पुष्कळ विद्यार्थी तिकडे बघतच नाहीत. पण तिथे बी.एस्सी.नंतर थेट इंटिग्रेटेड पीएच.डी.ला अर्ज करता येतो, आणि पहिल्या दिवसापासून पाठ्यवृत्ती मिळते.

घाट ओलांडून

पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा गणित विभाग आहे आणि २००६ साली सुरू झालेली आयसर आहे. चेन्नईत चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, म्हणजे सीएमआय. ती शेषाद्रींनी १९८९ साली सुरू केली. त्याच शहरात इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेस आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली कोलकात्यात उभारलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेत एम.मॅथ. करता येतं, तिथे शिक्षणशुल्क नाही, उलट विद्यार्थ्यालाच दरमहा पाठ्यवृत्ती मिळते. बेंगळुरूत भारतीय विज्ञान संस्था आणि टीआयएफआरचं उपयोजित गणिताचं केंद्र, प्रयागराजला हरीशचंद्र संशोधन संस्था, आणि हैदराबादचं केंद्रीय विद्यापीठ, या सगळ्या जागा गंभीर विद्यार्थ्याच्या यादीत असायला हव्यात.

घर सोडून जायचं म्हटलं की आपल्याकडे पहिली शंका निघते ती खर्चाची. गणिताच्या बाबतीत ती तपासून पाहावी. एम.मॅथ.ला आणि इंटिग्रेटेड पीएच.डी.ला पाठ्यवृत्ती आहे. सीएमआयमध्ये गुणवंतांना शुल्कमाफी आणि शिष्यवृत्ती मिळते. पीएच.डी.ला ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली, तर २०२३पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा. अणुऊर्जा विभागाने १९८३ साली स्थापलेलं राष्ट्रीय उच्च गणित मंडळ, म्हणजे एनबीएचएम, स्वतंत्र परीक्षा घेऊन पीएच.डी.साठी शिष्यवृत्त्या देतं. इंजिनीअरिंगच्या खासगी महाविद्यालयाची फी भरणाऱ्या कुटुंबाने ही गणितं एकदा शांतपणे मांडून पाहावीत.

परीक्षांचं वेळापत्रक

गुणी विद्यार्थी हुकतात ते बऱ्याचदा बुद्धीमुळे नाही, तारखांमुळे. टीवायच्या सहाव्या सेमिस्टरचा निकाल लागल्यावर चौकशीला सुरुवात केली, तर देशातल्या बहुतेक चांगल्या जागा तोवर भरलेल्या असतात.

जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबरात सुरू होतात आणि परीक्षा फेब्रुवारीत असते. टीआयएफआरची प्रवेशपरीक्षा साधारण डिसेंबरात होते. केंद्रीय विद्यापीठांसाठीची सीयूईटी-पीजी मार्चच्या सुमाराला, तर सीएमआय आणि सांख्यिकी संस्थेच्या परीक्षा मे महिन्यात. नक्की तारखा दरवर्षी संस्थांच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहायच्या. म्हणजे तयारीची खरी वेळ एसवायची उन्हाळी सुट्टी आहे. शेवटच्या वर्षाला असतानाच या परीक्षा देता येतात.

जॅमचं स्वरूप पाहू. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. पहिल्या भागात एकच पर्याय बरोबर असणारे ३० प्रश्न, दुसऱ्यात एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकणारे १०, आणि तिसऱ्यात उत्तराची संख्या स्वतः भरायचे २०. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात ते फक्त पहिल्या भागात. रिअल अनॅलिसिस, लिनियर अल्जेब्रा, ग्रुप थिअरी, कॅल्क्युलस आणि डिफरन्शियल इक्वेशन्स हे विषय आपल्या बी.एस्सी.त असतातच. फरक आहे तो प्रश्नांच्या जातीत. विद्यापीठाच्या पेपरात ‘हे प्रमेय सिद्ध करा’ असा प्रश्न येतो आणि पाठांतरावर निभावून जातं. जॅममध्ये चार विधानं देऊन ‘यांपैकी कोणती खरी?’ असं विचारतात. तिथे प्रत्येक खोट्या विधानाला प्रत्युदाहरण सुचावं लागतं. सातत्य असूनही विकलनीय नसलेलं फलन, अभिसारी असूनही निरपेक्ष अभिसारी नसलेली श्रेढी, अबेलियन नसलेला सर्वांत लहान गट: अशी प्रत्युदाहरणं ज्याच्या वहीत स्वतःच्या हाताने जमवलेली आहेत, त्याला ही परीक्षा अवघड जात नाही.

विभाग कसा पारखायचा

रँकिंगच्या यादीतून गणिताचा विभाग कळत नाही. त्यासाठी स्वतः चार गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली, प्रत्यक्षात शिकवले जाणारे विषय. माहितीपुस्तिकेत ऐच्छिक विषयांची लांबलचक यादी असते. गेल्या दोन वर्षांत त्यांतले कोणते खरोखर चालले, हे तिथल्या विद्यार्थ्यांना विचारा. अल्जेब्रा, अनॅलिसिस आणि टोपॉलॉजी यांचा पाया सगळीकडे असतो. त्यापुढे नंबर थिअरी, अल्जेब्रिक जॉमेट्री, डिफरन्शियल जॉमेट्री, फंक्शनल अनॅलिसिस यांपैकी आपल्या आवडीचं काही शिकायला मिळणार का, हे पाहायचं.

दुसरी, गृहपाठ. दर आठवड्याला प्रश्नसंच दिले जातात का, ते कुणी तपासतं का, आणि लिहिलेला पुरावा चुकला तर तो का चुकला हे सांगितलं जातं का? चांगल्या आणि सामान्य विभागातला सगळ्यात मोठा फरक इथे दिसतो. मोठ्या नावाच्या संस्थेत प्रश्नसंच नसतील आणि लहान महाविद्यालयात एखादे सर किंवा मॅडम वही लाल करून परत देत असतील, तर शिक्षण दुसऱ्या जागी जास्त होईल.

तिसरी, चर्चासत्रं. विभागात नियमित सेमिनार होतात का? बाहेरचे गणितज्ञ येतात का? एम.एस्सी.च्या मुलांना तिथे बसू देतात का? प्रकल्प करायला मिळतो का?

चौथी, तिथून बाहेर पडलेले विद्यार्थी. मागच्या तीन-चार तुकड्यांतली मुलं कुठे गेली, किती जण पीएच.डी.ला लागले, किती जणांनी सेट-नेट काढली, हे विचारायला संकोचू नये. चांगला विभाग ही माहिती अभिमानाने देतो.

पीएच.डी.: संस्था नव्हे, मार्गदर्शक

एम.एस्सी.ला विभाग निवडायचा असतो, पीएच.डी.ला माणूस. श्रीराम अभ्यंकर यांचं उदाहरण यासाठी मोलाचं आहे. ग्वाल्हेरहून ते मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आले, १९५१ साली पदवीधर झाले आणि हार्वर्डला गेले. तिथे त्यांना ऑस्कर झारिस्की मार्गदर्शक लाभले. त्या काळात बीजगणितीय भूमितीत झारिस्की ज्या प्रश्नांशी झुंजत होते, त्यांतलाच एक कठीण प्रश्न अभ्यंकरांनी प्रबंधात सोडवला आणि १९५५ साली पीएच.डी. मिळवली. पुढचं आयुष्य त्यांनी त्याच क्षेत्रात घालवलं. पीएच.डी.चा मार्गदर्शक पुढच्या कितीतरी वर्षांचे प्रश्न ठरवून जातो, तो असा. १९७६ साली त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापलं आणि मिळालेला सहवास इथल्या मुलांसाठी उभा केला.

म्हणून पीएच.डी.ला अर्ज करण्याआधी मार्गदर्शकाचे दोन-तीन शोधनिबंध उघडून पाहावेत. सगळं कळणार नाही, पण प्रस्तावना कळली पाहिजे आणि पुढे वाचावंसं वाटलं पाहिजे. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना भेटावं. ते किती वेळ देतात, विद्यार्थ्याला स्वतःचा प्रश्न शोधू देतात का, प्रबंध किती वर्षांत पूर्ण होतात, हे विचारावं. शक्य असेल तर आधी एक उन्हाळा त्यांच्यासोबत प्रकल्प करावा.

परदेशी जायचं असेल तर अमेरिकेत बहुतेक चांगल्या विभागांत पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला अध्यापन-सहायकाचं काम देऊन फी आणि राहण्याचा खर्च भागवला जातो. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत मास्टर्सला शिक्षणशुल्क जवळपास नसतं. राहण्याचा खर्च मात्र आपला. परीक्षांच्या गुणांइतकंच तिथे शिफारसपत्राला वजन असतं, आणि ते पत्र आपल्याला खरोखर ओळखणाऱ्या गणितज्ञाचं असावं लागतं.

ओळख करून घ्यायची दारं

ही ओळख बी.एस्सी.तच करून घेता येते. एमटीटीएस हा उन्हाळी उपक्रम प्रा. एस. कुमरेसन यांनी १९९३ साली सुरू केला. चार आठवडे निवासी राहायचं, सकाळपासून गणित करायचं आणि वर्गात बोलायचं. प्राध्यापक व्याख्यान झोडत नाहीत. प्रश्न विचारून विद्यार्थ्याकडूनच प्रमेय वदवून घेतात. एम.एस्सी.नंतरच्यांसाठी टीआयएफआर आणि पवईची आयआयटी यांचं संयुक्त राष्ट्रीय गणित केंद्र देशभर प्रगत प्रशिक्षण शिबिरं भरवतं. अशा शिबिरात काही आठवडे काढले, की आपल्याला गणित आवडतं की गणितात मिळणारे गुण आवडतात, याचं उत्तर स्वतःला मिळतं. दोन्ही उत्तरं उपयोगाची आहेत.

एक मुद्दा मुलींच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या कानावर घालायलाच हवा. मंगला नारळीकर १९६४ साली मुंबई विद्यापीठात गणिताच्या एम.ए.ला पहिल्या आल्या. लग्न, केंब्रिजचं वास्तव्य, मुली, घर हे सगळं सांभाळत त्या टीआयएफआरमध्ये पुन्हा संशोधनाला आल्या आणि १९८१ साली त्यांनी पीएच.डी. मिळवली. त्यांची जिद्द मोठीच. पण आजच्या मुलीला एवढी वर्षं थांबावं लागू नये. जॅमला वयाची अट नाही, त्यामुळे खंड पडला असला तरी परत येता येतं. आणि खंड पडू न देणं घरच्यांच्या हातात बरंचसं असतं.

टीवायला असलेल्यांनी हा लेख बाजूला ठेवून आजच दोन कामं करावीत. जॅमच्या मागच्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका उतरवून घ्याव्यात आणि घड्याळ लावून सोडवाव्यात. आणि आपल्या महाविद्यालयातल्या ज्या सरांचा किंवा मॅडमचा तास चुकवावासा वाटत नाही, त्यांना भेटून सरळ विचारावं: मला पुढे गणित करायचंय, माझा पाया कुठे कच्चा आहे? पालकांना विनंती इतकीच की मूल चेन्नई-कोलकात्याचं नाव काढेल तेव्हा ‘इथेच जवळ बघ’ हे उत्तर लगेच देऊ नये. आधी तिथे कोण शिकवतं ते पाहावं, मग अंतर मोजावं.